क्रॉसिंगचं ऊन

एके काळी बारा बायका माझ्या एका हाकेवर उभ्या राहत होत्या, असं मी नातीला सांगितलं तर ती हसली. हसू दे. मलाही हसू येतं. पन्नाशीतली ती मुकादमीण आज कुठं समोर आली असती, तर तिच्या डोक्यावरचा पदर ओढून विचारलं असतं, काऊन व बाई, एवढी अक्कल तुले कोणी दिली?

माझं माहेर घाटाखाली, नांदुऱ्याकडचं. सासर घाटावर, देऊळगाव राजाच्या अंगाला. इकडं येऊन जन्म गेला, पण माझं ‘मले-तुले’ काही गेलं नाही. धाकटी जाऊ जालन्याकडून आली, ‘मला-तुला’ म्हणणारी. हळदीच्या अंगानं तिनं पहिल्याच आठवड्यात चुलीपुढं बसून माझी हुबेहूब नक्कल केली होती. सासू ठसका लागेस्तोवर हसली. त्या दिवसापासून मी तिला ‘धाकटे’ म्हणायची आणि ती मला ‘बाई’. आमच्यात भांडण म्हणून कधी झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बीटी कपाशी आली तेव्हा मोठमोठ्या गाड्या गावात आल्या. पाकिटातली सरकी पेरायची, अळी लागत नाही, असं कंपनीचे लोक सांगत फिरले. ती सरकी होते कशी हे मात्र कोणी सांगत नव्हतं, कारण ते आम्ही करत होतो. दोन जातींच्या कपाशीचा संकर दरवर्षी नव्यानं, एकेका फुलावर, हातानं करावा लागतो. त्यासाठी कंपनीनं आमच्या भागात प्लॉट घेतले होते. टीव्हीवर म्हणायचे विज्ञान. ते विज्ञान म्हणजे आम्हा बारा बायकांची नखं.

काम असं. दुपार कलली की मादीच्या ओळीत शिरायचं आणि उद्या उमलणारी कळी हेरायची. पाकळ्या आणि त्यांच्या आतली परागाची नळी अंगठ्याच्या नखानं एका वेढ्यात सोलून काढायची. मधली नाजूक काडी शाबूत राहिली पाहिजे. तिच्या बुडाशी हिरव्या मण्याएवढं बोंड असतं, त्याला ओरखडा उठता कामा नये. उठला की दोन-तीन दिवसांत गळून पडतं. सोललेल्या कळीवर खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतली उमललेली फुलं खुडून आणायची आणि त्या काडीवर हलक्या हातानं फिरवायची. या फिरवण्याला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. ते दव वाळल्यापासून ऊन डोक्याकडं चढेपर्यंतच होतं. घड्याळ कोणाकडं नव्हतं. पानाची सावली पानापेक्षा मोठी आहे तोवर हात चालवायचा, सावली पानाखाली शिरली की थांबायचं. त्या तिरप्या, पिवळ्या उन्हाला आम्ही क्रॉसिंगचं ऊनच म्हणायचो. डोळे मिटून अंगावर घेतलं तरी ओळखू यायचं.

धाकटीसारखा हात माझ्या टोळीत दुसरा नव्हता. उजव्या अंगठ्याचं नख तिनं चंद्रकोरीसारखं राखलं होतं, कडेनं घासून पातळ केलेलं. शेजारच्या ओळीतून मला तिच्या कामाचा आवाज ऐकू यायचा. चांगली कळी सोलायला वेळ लागतो, कारण जपून सोलावी लागते. पण कधी कधी पाकळी उघडली की आत पराग आधीच फुटलेला असतो, पिवळी पूड सगळीकडं सांडलेली. त्या कळीचं काही होत नाही. ती लगेच तोडून टाकायची. म्हणून मी बघितलं नाही तरी मला कळायचं. वेळ लागला म्हणजे कळी चांगली. पटकन टप आवाज आला म्हणजे फुटलेली.

आता माझ्या अकलेकडे येते. एका वर्षी प्लॉटात बोंडं गळायला लागली. आठवडाभर आभाळ भरून होतं, ऊन नव्हतं. कंपनीचा साहेब म्हणाला, ढगानं होतं, चार दिवस थांबा. मी थांबणारी नव्हते. टोळीत एक नवी सून होती, ती अडचणीत असताना, म्हणजे पाळीच्या दिवसांत, कामावर आली होती हे मी हुडकून काढलं. तिला सगळ्यांदेखत ओळीतून बाहेर काढलं आणि बांधावरच्या निंबाखाली बसवलं. साहेब म्हणाला, असं काही नसतं. मी विचारलं, साहेब, तुमची माय काय कधी बाहेर बसली नाही? तो बिचारा लाल होऊन निघून गेला आणि बायका दोन दिवस मला शाबासकी देत राहिल्या. मग बोंडं गळायची थांबली. ढग गेले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. बाई गेली, एवढंच आलं.

तेव्हापासून माझा नियम झाला. अडचण असली की चार दिवस प्लॉटात पाय टाकायचा नाही. कोणी लपवलंच तर मी ओळखायची. चालण्यावरून, बसण्यावरून, पाणी मागण्यावरून. पोलिसात भरती केली असती तर फौजदार झाले असते. ज्यांची पाळी गेली त्या बायका माझ्या राज्यात सगळ्यात मानाच्या. धाकटीची पंचेचाळिशीतच गेली, तेव्हा मी बांधावर गूळ-शेंगदाणे वाटले. सगळ्यांना सांगितलं, आता ही आपली बारमाही. धाकटी लाजली आणि शेंगदाणे खात राहिली.

तिच्या अंगावरून परत जायला लागलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे माहीत करून घेतलं नाही. दिसत सगळं होतं. ती हिरवी-पिवळी लुगडी नेसायची, ते सोडून काळी आणि गडद तांबडी नेसायला लागली. कामाच्या मध्येच शेजारच्या तुरीत जायची आणि वेळ लावून यायची. एकदा मी बारा जणींत विचारलं, “काय व धाकटे, तुरीत कोण भेटते तुले?” सगळ्या खिदळल्या. सगळ्यात जास्त ती हसली. पोट धरून हसली. मला वाटलं हसून हसून पोट धरलं.

मग वास यायला लागला. ती शेजारच्या ओळीत असली की यायचा. मी नाकाला पदर लावून म्हणाले, कुठं तरी बोंडं सडली वाटते. त्यानंतर ती माझ्या शेजारची ओळ धरायची नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथून वारा आमच्याकडं येत नसे, पार शेवटची ओळ धरायची. तिला तिथलं ऊन आवडतं, असं माझ्या पोलिसी डोक्यानं ठरवलं.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात एका दुपारी कळ्या सोलता सोलता ती ओळीतच खाली बसली. उठवायला गेले तर काळं लुगडं जड झालेलं, आणि खालची ढेकळं ओली. बायका गोळा झाल्या. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहून ठेवते, आता लपवून कोणाचं भलं होणार आहे? माझ्या मनात आलं, प्लॉट विटाळला. बैलगाडी बोलवायच्या आधी हे आलं. दोन क्षण टिकलं असेल नसेल, पण आलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि आमच्याकडे न बघता हात धुतले. जालन्याला तुकडा काढून तपासायला दिला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पुढं गेलेला. पाळी गेल्यावर परत अंगावरून गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. किती दिवस झाले, असं तिनं विचारलं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, “झाले असतील दोन-चार महिने.” मी मान हलवली. तिच्या खोट्याला मी साक्ष दिली. ते खोटं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

तिची पोरगी नागपूरला एका दवाखान्यात नर्स होती, म्हणून आम्ही नागपूर धरलं. एसटीनं घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वे. दीर, म्हणजे तिचा नवरा, सोबत येऊ शकला नाही. त्या हंगामात बीटीवर गुलाबी अळी आली होती, लागत नाही म्हणून सांगितलेल्या त्याच कपाशीवर. फवारून फवारून त्याचे डोळे असे झाले की माणूस ओळखायचा आवाजावरून. गाडीतून बघितलं तर दोन्ही बाजूंनी उभ्या कपाशीत मेंढरं सोडलेली. बोंड वरून हिरवंगार, आत किडा. दवाखान्यात आमच्याकडची प्रत्येक बाई स्वतःबद्दल हेच सांगायची, वरून बरी, आतून बोंड. ऐकून ऐकून धाकटी वैतागली. म्हणाली, “बोंडाला कोणी दोन वर्षं तुरीत लपवत नसतं, बाई.” आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, आता ही बोलेल. मी वाट पाहिली. ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

शेक दिला. मशिनीखाली झोपवून किरणांचा शेक देतात, तो पाच-सहा आठवडे चालला. तिच्या पोटाखालची कातडी करपल्यासारखी झाली, जेवण जाईना. आम्ही पोरीच्या खोलीवर राहत होतो. मग तीन महिने घरी. परत तपासलं तर ओटीपोटात मागच्या अंगाला गाठ राहिली होतीच. आता ऑपरेशन, तेही अवघड, कारण शेकानं आतलं सगळं एकमेकांना चिकटतं आणि जागा अगदी अरुंद. पोरगी म्हणाली, दुसऱ्या एका दवाखान्यात रोबोटनं करतात.

रोबोट म्हटल्यावर मला बुजगावणं दिसलं. पत्र्याचं, हात पसरलेलं, डोक्यावर मडकं. मी धाकटीला सांगितलं, तो येईल, तुले म्हणेल नमस्कार मावशी, आणि पोट फाडून टाकील. ती हसली. ते ऑपरेशनच्या आधीचं तिचं शेवटचं खरं हसू. ते मी करवलं, एवढं तरी माझ्या नावावर राहू द्या.

ऑपरेशन करणाऱ्या मॅडम बारीक चणीच्या होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. रोबोट आपल्या मनानं काही करत नाही. त्या स्वतः कोपऱ्यात बसणार, एका पेटीत डोळे घालून. पोटाला बोटभर रुंदीची पाच भोकं पाडणार. त्यातून कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं आत जाणार. दांडीच्या टोकाला मनगटासारखी वळणारी चिमुकली बोटं असतात. त्या इथं बोट हलवणार तशी ती आत हलणार. जिथं माणसाचा हात मावत नाही तिथं ती मावतात, आणि थरथरत नाहीत.

धाकटी त्यांच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, “नखं न्हाईत तुम्हाला. मग सोलता कशानं?”

मॅडमला समजलं नाही. तेव्हा धाकटीनं त्यांना क्रॉसिंग समजावून सांगितलं. टेबलावरच्या फुलदाणीतलं एक फूल उपसून तिनं अंगठ्याचं नख दाखवलं आणि एका वेढ्यात पाकळ्या सोलून मधली काडी उभी ठेवली. मॅडमनी ते फूल हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं. म्हणाल्या, माझं काम हेच आहे, आजूबाजूचं काढायचं आणि जे ठेवायचं त्याला धक्का लावायचा नाही.

“अन् उघडल्यावर कळी फुटलेली निघाली तर?” धाकटीनं विचारलं.

मॅडमनी फूल टेबलावर ठेवलं. “तर हात न लावता परत येईन. आजार सगळीकडे पसरलेला असला, तर काढून उपयोग नसतो. नुसता त्रास होतो तुम्हाला.”

“आमचंबी तसंच हाये,” धाकटी म्हणाली.

किती वेळ लागेल, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, गाठ निघाली तर सहा तास तरी. नाही निघाली तर तासाभरात बाहेर येऊ. त्या दिवशी आम्ही दोघींनीही हे ऐकलं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सबाईनं नखं कापायला कात्री आणली. धाकटीनं नऊ बोटं पुढं केली, अंगठा मुठीत ठेवला. नर्सबाई म्हणाली, मावशी, बोटाला मशीन लावायचं असतं, सगळी कापावी लागतात. नऊ बोटं आहेत की तुमच्या मशिनीला, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात धाकटीनं मूठ उघडली. चंद्रकोर कात्रीत सापडली तेव्हा तिनं मान दुसरीकडं केली. मला म्हणाली, “आता प्लॉटात काय करील मी, बाई?” मी म्हणाले, वाढते की व, नखच हाये.

तिला आत नेलं तेव्हा नऊ वाजले होते. पोरगी आणि मी बाकावर बसलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत नव्हते, म्हणजे बघत नाही असं दाखवत होते. सव्वादहाला दार उघडलं आणि मॅडम आल्या. त्यांच्या तोंडावरची पट्टी गळ्याशी ओढलेली होती. त्या बोलायच्या आधीच माझ्या कानात टप आवाज आला.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. गाठ हाडाच्या भिंतीला आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. पोटाच्या पडद्यावर जिकडंतिकडं बारीक दाणे. पेटीतून सगळं दहापट मोठं दिसतं, म्हणून एक दाणासुद्धा नजरेतून सुटला नाही. मी भांडायला उठले. म्हणाले, मग एवढी मशीन कशासाठी? हात मावत नाही तिथं मावते म्हणाल्या होत्या ना? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मावली, आजी. पण काढण्यासारखं तिथं काही राहिलं नव्हतं. दोन वर्षं आधी आल्या असत्या, तर कदाचित या मशीनची गरजसुद्धा पडली नसती.”

मला पहिल्यांदा कोणी आजी म्हटलं ते तेव्हा. दोन वर्षं आधी. दोन वर्षं आधी ती माझ्यापासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शेवटच्या ओळीत होती.

तिला खरं सांगा, मॅडम म्हणाल्या, तिला सांगितलं तर ती पुढचं ठरवू शकेल. पोरगी रडत होती. ठरवलं मी. मुकादमीण ना! मी ठरवलं की सांगायचं नाही. गाठ निघाली, सहा तास लागले, असं सांगायचं. पोटाला पाच भोकं आहेतच, टाके आहेत, लघवीची नळी आहे. कोणाला काय कळतं? आम्हाला तिच्याजवळ सोडलं ते चार वाजून गेल्यावर. म्हणजे माझ्या सहा तासांचा हिशोबही बरोबर बसला. ती अर्धवट झोपेत होती. मी वाकून सांगितलं, “निघाली व माय. सहा तास लागले. चांगली जपून काढली.”

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही जेवल्या का?”

गावात परत आलो तेव्हा बायका बघायला आल्या. मग मी जे सुरू केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो, आणि मेलं हसूही येतं. ओसरीवर बसून मी रोबोट करून दाखवायची. दोन्ही हात आखडून, बोटं वाकडी करून, कोपऱ्यात मडक्यावर डोकं ठेवून बसलेल्या मॅडम दाखवायची. एक हात इकडून आला, एक तिकडून आला, तिसऱ्यानं गाठ धरली, चौथ्यानं कापली, आणि रोबोट म्हणाला, बाई, पिशवी द्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. धाकटी खाटेवर पडून ऐकायची. एखादा तपशील मी विसरले तर आठवण द्यायची. “ते पिशवीचं राहिलं, बाई.” पोटावरची पाच भोकं भरत आली होती, बोटाएवढे पाच डाग. एवढ्याशा डागांतून एवढं मोठं दुखणं गेलं, म्हणून बायका तिच्या पोटाला हात लावून कपाळाला लावायच्या.

दिवाळी गेली आणि तिचे पाय सुजायला लागले. पोट डब्बल झालं. औषध म्हणून रजा काढून आलेली पोरगी दुखणं मारायच्या गोळ्या द्यायची, गाठ निघाल्यावर असं होतं म्हणून सांगायची. तोवर माझी गोष्ट ऐकायला बायका येईनाशा झाल्या होत्या. एकदा ऐकलेली गोष्ट, आणि बघितलं तर बाई रोज वाळतेय.

एका सकाळी मी तिला ओसरीवर आणून बसवलं होतं. ऊन आलं होतं. तिनं पाय उन्हात सोडले. तळव्यांवर ऊन घेत ती तुळशीच्या पानांची सावली बघत बसली. मला काही तरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणाले, थांब, तुले रोबोट दाखवते.

“नका दाखवू,” ती म्हणाली. मग सावलीकडं बघतच म्हणाली, “बाई, मी जागी झाले तव्हा ऊन क्रॉसिंगचं होतं.”

मला आधी समजलंच नाही.

“दवाखान्यात. तुम्ही आत यायच्या लई आधी. खाटेच्या समोर खिडकी होती, वरच्या अंगाला. ऊन भिंतीवर असं तिरपं पडलेलं. सावली अजून लांब. म्हणलं, मला नेलं तव्हाबी हेच ऊन होतं, आताबी हेच. म्हंजी उघडली अन् टाकली.”

 मी विचारलं, मग एवढे महिने बोलली का नाहीस, मले गावभर नाचू काऊन दिलं?

ती म्हणाली, “तुम्ही सांगू राहिल्या होत्या चांगलं. ऐकून मलाबी बरं वाटायचं. पिशवीचं तर लईच.”

ती हसली नाही. मीही हसले नाही. मग जे नागपूरच्या दवाखान्यात विचारायचं होतं, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईसमोर विचारायचं होतं, ते मी तेव्हा विचारलं. म्हणाले, “धाकटे, आधीबी तू माझ्यामुळेच लपवलं काय?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लेकराकडे बघावं, ज्याला सूर्य कुठून उगवतो हे माहीत नाही.

“मग आणखी कोणामुळं?” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं. तिनं पाय आणखी थोडे पुढं सरकवले, कारण ऊन सरकलं होतं. कापलेलं नख परत वाढलं होतं, पण जाड आणि वेडंवाकडं, काहीही सोलता येणार नाही असं. मी तिच्या अंगठ्याकडे बघत बसले. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण सावली पानाखाली शिरली, आणि ती म्हणाली, आत न्या, चटका लागू राहिला. मी तिला आत नेलं. पुन्हा ते बोलायची वेळ आली नाही. महिन्याभरात ती गेली, आणि दीर आवाजावरून तिला शोधत राहिला.

पुढच्या हंगामात प्लॉट परत लागला. गुलाबी अळीच्या सालापासून प्लॉटही कमी झाले होते. टोळीत आठच बायका उरल्या होत्या. पहिल्याच दिवशी बांधावरच्या निंबाखाली मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, माझा नियम मोडला. अडचण असली तरी या. काही गळत नाही, सडत नाही. आणि पाळी जाऊन परत अंगावरून गेलं, तर आधी मले सांगा, मी स्वतः घेऊन जाईन डॉक्टरकडे.  एवढ्यानं तरी त्यांना काही वाटलं असेल, असं मला वाटलं.

 एक जण चुंबळ सारखी करत होती. एकीनं आपलं गडद तांबडं लुगडं पायावर ओढून घेतलं. तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. मी तिच्याकडे बघत राहिले, तशी ती उठली आणि पदर झटकून मला म्हणाली, “आमचं सगळं बरं हाये, बाई.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांचंच बरं होतं. मग त्या ओळीत शिरल्या, आणि ती तांबड्या लुगड्याची शेवटच्या ओळीकडं गेली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.